पेज, मीठ आणि देवनारचं पाणी

1906 साल. पाऊस नुकताच ओसरलाय आणि तुम्ही कुर्ल्याहून चेंबूरकडे निघालेल्या कचऱ्याच्या गाडीवर, उघड्या वाघिणीची कड धरून उभे आहात. ही लाइन माणसांसाठी टाकलेलीच नाही. मुंबईचा केरकचरा भरून आणायचा आणि इकडच्या दलदलीत ओतायचा, एवढ्यासाठी यंदा रूळ पडलेत. उतारू बसायला 1924 साल उजाडेल. तुमच्या पायाशी केळीची सालं, भाजीचे देठ, माशांची खवलं, चुलीतली राख, नासलेला भात. वर घारी फिरतायत. चेंबूर मागे पडलं की तिवरं लागतात, मग मिठागरं, आणि पलीकडे ठाण्याच्या खाडीचं करडं पाणी.

गाडी थांबते तिथून देवनार गाव चालत गाठता येतं. शहराला तानसाचं पाणी 1892 पासून मिळतंय, पण देवनार शहराच्या हद्दीबाहेर; इथे विहीर. ओट्यावर बसलेली एक म्हातारी तुमचा घामेजलेला चेहरा बघून आत जाते आणि तांब्या घेऊन येते. “घ्या पाव्हनं, गार हाय.” पाणी खरंच गार आहे, दिसायला निवळशंख, चवीला किंचित मचूळ. तुम्ही तांब्या रिकामा करता.

त्या पाण्यात काय आहे ते ना तुम्हाला दिसत, ना तिला. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात 1884 साली पटकीचा वाकडा जंतू वेगळा काढून दाखवला, त्याला आता बावीस वर्षं झाली. पण प्रयोगशाळेत सापडलेला जंतू आणि गावच्या विहिरीतला जंतू यांची गाठ घालून देणारं कुणी देवनारला आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोटात गुडगुड सुरू होते. फारशी कळ नाही, ताप नाही. पहिला जुलाब साधा, दुसरा पातळ, आणि पाचव्या-सहाव्याला रंगच उरत नाही. तांदळाचं धुवण असावं तसं पांढुरकं पाणी. मग उलट्या. दुपारपर्यंत पोटऱ्यांत गोळे येतात, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात, आवाज बसतो, डोळे खोल जातात. दाराबाहेर कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, “पटकी हाय.” घरातला एक जण तांब्या तुमच्या हाताला लागणार नाही इतका लांब सरकवतो. पोटात पाणी गेलं की उलट्या वाढतात, अशी त्याची समजूत. त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांचीही तीच. उपचार न झालेल्या गंभीर पटकीत दर दोघांतला एक जण जाऊ शकतो, आणि तुम्ही नुसते पाणी पाणी करत पडलेले आहात.

काळ इथे रोखून धरू. तुमच्या पोटात बिघडलंय काय, हे कळायला आधी चांगल्या दिवशी तिथे काय चालतं ते बघायला हवं.

तर आता भाताच्या एका शितावर बसा आणि आत चला. तोंडात लाळ सुटलेली आहे. दिवसभरात ती लिटर-दीड लिटर होते. भातातलं पिष्ट तोडायचं काम लाळ इथेच सुरू करते, म्हणून घास बराच वेळ चावला तर गोडसर लागतो. घास गिळला की अन्ननलिकेचे स्नायू त्याला मागून आवळत पुढे ढकलतात. माणूस आडवा झोपलेला असला तरी घास बरोबर खालीच जातो. काही सेकंदांत तुम्ही जठरात. इथे मुक्काम मोठा, दोन ते चार तास.

जठराबद्दल आपण फार अन्याय्य बोलतो. ‘ॲसिडिटी’ हा शब्द आपल्याकडे तक्रार म्हणूनच येतो, पण हे आम्ल म्हणजे पोटाच्या दारावरचा पहारेकरी. तुमच्याबरोबर विहिरीतून आलेले बहुतेक जंतू इथेच मरतात. निरोगी माणसाला पटकी व्हायची तर जंतूंची मोठी फौज पोटात जावी लागते. ज्याचं आम्ल कमी पडलेलं आहे, त्याला थोडक्यात होते. उपाशीपोटी राहणारी, कुपोषित माणसं इथे मार खातात. आणि आजच्या मुंबईत डॉक्टरला न विचारता महिनोन्‌महिने आम्ल मारणाऱ्या गोळ्या घेणारा माणूसही तोच पहारा सैल करत असतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

एका क्षणासाठी 1984 सालच्या ऑस्ट्रेलियात, पर्थ शहरात डोकावून या. बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर जंतूंनी भरलेला द्रव स्वतः पितो आहे. जठराचा अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो, असं सगळं जग मानत होतं. मार्शल आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन म्हणत होते की आम्लातही तगून राहणारा एक जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी असतो. मार्शलना जठराची सूज आली, त्यांचं म्हणणं बळकट झालं, आणि 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. ज्याला वर्षानुवर्षं “टेन्शन घेऊ नका” एवढंच सांगितलं गेलं, त्याला प्रतिजैविकांच्या दोन आठवड्यांच्या औषधाने बरं वाटू शकतं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

जठरातून खाली उतरलात की लहान आतडं. पित्त इथे येऊन मिळतं आणि तेला-तुपाचे थेंब बारीक फोडतं. स्वादुपिंडाचा रस येतो आणि जठरातून आलेलं आम्ल शमवून पिष्ट, प्रथिनं, चरबी सगळ्यांचे तुकडे करतो. पुढे जवळजवळ सहा मीटर वाट. भिंतीकडे नीट बघा. ती सपाट नाही. आतून तिला घड्या आहेत, घड्यांवर मिलिमीटरभर उंचीची दाट लव आहे आणि लवेच्या प्रत्येक पेशीवर आणखी बारीक लव. सगळं उलगडून पसरलं तर साधारण 30 चौरस मीटर जागा व्यापेल. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमधली पुनर्वसनाची खोली 225 चौरस फुटांची. तिच्या जवळजवळ दीडपट. शिताची साखर झाली ती इथूनच रक्तात जाणार. आणि ही भिंत तीन ते पाच दिवसांत नवी होते. जुन्या पेशी गळतात, लवेच्या मुळाशी जन्मलेल्या नव्या पेशी वर सरकतात.

आता पाण्याचा हिशेब मांडा, कारण सगळी गोष्ट त्यावर आहे. दिवसाला तुम्ही दोन लिटर पाणी पिता असं धरू. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून शरीर त्यात आणखी सातएक लिटर ओततं. म्हणजे रोज नऊ लिटर पाणी आतड्यातून जातं. त्यातलं बहुतेक लहान आतडं परत शोषून घेतं, उरलेलं लिटर-दीड लिटर मोठं आतडं ओढतं, आणि शौचावाटे बाहेर जातं फक्त 100 ते 200 मिलिलिटर. हे न चुकता, रोज. त्यात थोडीशी जरी गफलत झाली तरी जुलाब.

पटकीचा जंतू नेमकी इथेच गफलत करतो. तो आतड्याच्या भिंतीला भोक पाडत नाही, पेशी मारत नाही, रक्तातही शिरत नाही. लवेला चिकटून बसतो आणि एक विष सोडतो. त्या विषाने पेशींमधली क्षार बाहेर सोडणारी झडप उघडी अडकते. क्षार आतड्यात ओतले जातात आणि त्यांच्यामागून शरीरातलं पाणी. ताशी लिटरभरही जाऊ शकतं. भिंत मात्र शाबूत असते. हे ध्यानात ठेवा. पुढे याच एका गोष्टीवर लाखो जीव वाचणार आहेत.

तुम्ही अजून 1906 च्या देवनारमध्ये चटईवर आहात. पण उपाय शोधायला आधी मागे जाऊ, बरंच मागे.

1563, गोवा. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या घरात तुम्ही उभे आहात. तिशी-चाळिशी हिंदुस्थानात घालवलेला हा माणूस; मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने आहे. याच वर्षी गोव्याच्या छापखान्यातून त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ बाहेर पडतोय आणि त्यात मोडशीचं वर्णन आहे. नाडी बुडालेली, अंग गार, घाम सुटलेला, डोळे खोल, पायांत गोळे; तुमचीच लक्षणं, साडेतीनशे वर्षं आधीची. ओर्ता रोग्याच्या पायांना तापलेल्या लोखंडाचे डाग द्यायला सांगतो. तुम्ही ते बघवत नाही म्हणून मान फिरवता. पण इथले लोक काय करतात हेही त्याने टिपून ठेवलंय: ते रोग्याला तांदळाची पेज देतात, मिरी आणि जिरं घालून.

पेज. कोकणात आणि गोव्यात आजाऱ्याला पेजेखेरीज दुसरं काही सुचत नाही, आणि आपण ते गरिबाघरचं, अंगाला हलकं म्हणून देतो असं समजतो. एवढ्यावर सोडू नका. तांदळाचं पिष्ट आतड्यात हळूहळू साखर होत जातं. त्यात मीठ पडलेलं असेल तर काय घडतं, हे कळायला अजून चारशे वर्षं लागायची आहेत.

1818 साली पटकी इंग्रज-मराठा युद्धाच्या धामधुमीत, फौजांच्या मागून दख्खनभर पसरून मुंबईत आली, तेव्हाही ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे शतकभर आषाढीच्या वाटेवर तिची धास्ती राहिली. पंढरीला जायचं तर पटकीची सुई टोचून घ्यायची, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या आठवणीतलं आहे.

पुढे चला, 1959 साली कलकत्त्याला. शंभूनाथ डे जंतू गाळून वेगळे काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात टोचतात. जंतू एकही नाही, तरी तो तुकडा पाण्याने टम्म फुगतो. म्हणजे मारतं ते विष. पटकीचं विष आहे हे त्यांनी जगाला दाखवलं, आणि आपल्या देशाने त्यांचं फारसं कौतुक केलं नाही. या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या परिषदेत आतड्याच्या पेशीतलं एक वेगळं दार मांडलं. त्या दारातून साखर एकटी आत जात नाही. मिठातल्या सोडियमला बरोबर घेऊन जाते, आणि त्या दोघांमागून पाणी जातं. पटकीच्या विषाने बाहेर सोडणारी झडप अडकते, पण हे आत घेणारं दार चालूच राहतं. नुसतं पाणी दिलं तर ते वाहून जाईल. नुसती साखर दिली तरी भागणार नाही. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात, पाण्यात विरघळवून दिलं, तर जुलाब चालू असतानाही शरीर पाणी पिऊ लागतं.

1971. आता थेट देवनार. वांद्र्याचा जुना कत्तलखाना बंद होऊन पालिकेचा नवा, मोठा कत्तलखाना या वर्षी इथे सुरू झालाय. बाजाराच्या आवारात शेकडो बकऱ्या उभ्या आहेत. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून ट्रकने आलेल्या. एक बोकड खाली बसून रवंथ करतोय. त्याचा खालचा जबडा आडवा फिरतो, थांबतो, गळ्याशी एक गोळा वर चढताना दिसतो आणि चघळणं परत सुरू. त्याच्या पोटाला चार कप्पे. पहिल्या मोठ्या कप्प्यात जंतूंची अख्खी वसाहत, आणि गवतातला चिवट भाग तीच फोडते. तुम्हाला-मला गवत पचत नाही कारण आपल्याकडे तो कप्पा नाही. आपले जंतू मोठ्या आतड्यात बसतात, आणि भाजी-डाळीतला जो चोथा आपण पचवू शकत नाही तो आंबवून त्यातून आतड्याच्या भिंतीला खाद्य पुरवतात.

आवाराच्या टोकाला वजडी धुतली जातेय. चुना लावून, गरम पाण्याने घासून, परत परत धुऊन. धुणारा एक तुकडा उलटा करून तुमच्यासमोर धरतो. बोकडाच्या पहिल्या कप्प्याची आतली बाजू: तांदळाच्या दाण्याएवढे, दाट, चपटे काटे. हात फिरवून बघा. आपल्या आतड्याची लव याहून कितीतरी नाजूक. ती डोळ्याने नीट दिसत नाही, पण काम तेच, थोडक्या जागेत भिंत वाढवायची.

याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बंगालच्या सीमेवरच्या बनगावला, पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित आलेत आणि छावणीत पटकी पसरलीय. तिथे पाय टाका. दिलीप महालनोबिस यांच्याकडे खोल्या दोन, खाटा मोजक्या आणि रोगी जमिनीवरसुद्धा. शिरेतून द्यायची सलाइन संपत आलीय. महालनोबिस ठरवतात की तोंडाने पाजायचं. कलकत्त्यात साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा तोलून पिशव्या भरल्या जातात. इथे ते पाण्याच्या पिंपात विरघळवून नळाने भांड्यात काढायचं. नर्सची वाट बघत बसायचं नाही. आई, भाऊ, शेजारी, जो कुणी उशाशी बसलाय त्याने पाजायचं. ओकला तरी पाजायचं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली येतं. 1978 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने, पाणी आणि क्षार शोषायला साखर मदत करते हा शोध शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असं मत दिलं. महालनोबिस 2022 साली गेले. पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर.

आता 1906 च्या चटईवर परत या. म्हातारी कोपऱ्यातल्या चुलीवर तांदूळ शिजवतेय. तिला झडप ठाऊक नाही, दार ठाऊक नाही. तरी तिने पेजेत मिठाचे चार खडे टाकले, आणि ती तांब्या लांब सरकवणाऱ्याकडे न बघता पळीने तुमच्या तोंडात थेंब थेंब सोडतेय. “गिळा, थोडं थोडं.” तुम्ही ओकता. ती थांबते आणि परत पळी भरते. दिवसभर. तिच्या पेजेतलं प्रमाण अचूक नसेल, पण ती योग्य वाटेवर आहे, आणि तुमच्यासाठी एवढं पुरतं.

मग वर्षं झरझर जाऊ द्या. 1927 साली देवनारचं डम्पिंग ग्राउंड सुरू होतं. 1954 साली टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला येते. 1970 च्या दशकात शहरातल्या इतर झोपडपट्ट्या उठवून माणसं कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, शिवाजीनगर-बैंगनवाडीत वसवली जातात. जानेवारी 2016 मध्ये डोंगर पेटतो आणि धूर अंतराळातल्या उपग्रहांना दिसतो. धुराची बातमी जगभर गेली. पाण्याची सहसा जात नाही.

आजची सकाळ. शिवाजीनगरच्या एका गल्लीत तुम्ही हंडा घेऊन उभे आहात. नळाला पाणी येतं ते दिवसातून थोडा वेळ. उरलेले तास पाइप रिकामा असतो, आणि तो पाइप गटाराच्या कडेने, कुठे कुठे गटारातूनच गेलेला. रिकाम्या पाइपात दाब नसतो. सांध्यांतून, गंजलेल्या भोकांतून बाहेरची घाण आत झिरपते. पाणी सुटलं की घरोघरचे पंप सुरू होतात, आणि जिथे दाब कमी तिथे पंप ती घाण आत ओढूनच घेतात. बाया पहिली बादली मोरीत ओतून देतात. शिकवलं नाही कुणी, वासावरून कळतं.

ज्यांच्या नावावर नळच नाही, ते विकतचं पाणी पितात आणि चाळीतल्या, इमारतीतल्या माणसापेक्षा किती तरी जास्त पैसे मोजतात. 2000 सालानंतरच्या झोपडीला पाणी नाही, असा नियम वर्षानुवर्षं होता. पाणी हक्क समिती न्यायालयात गेली आणि डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे; झोपडी केव्हाची आणि कायदेशीर आहे का, यावरून ते नाकारता येणार नाही. पालिकेचं ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आलं 2022 साली. न्यायालयाचा निकाल आणि नळाची तोटी यांच्यामध्ये गेलेल्या त्या वर्षांत या गल्ल्यांतली किती मुलं जुलाबाने झिजली असतील, याचा विचार केला की मला राग येतो.

झिजली म्हणतोय ते शब्दशः. घाण पाणी रोज थोडं थोडं पोटात गेलं की प्रत्येक वेळी जुलाब होतातच असं नाही. पण आतड्याची लव आखूड होते, भिंत सुजते, गळकी होते. मूल जेवतं, अंगणवाडीतला आहारही खातं, पण अन्न अंगी लागत नाही. आई म्हणते, “खातो पण वाढत नाही.” लोक तिला दोष देतात, ती पोराला. दोष त्या दोघांचाही नसतो. अशा आतड्यावर तोंडाने द्यायच्या लशीही कमी लागू पडतात. त्यात रोटाव्हायरसची लसही आली, जी महाराष्ट्रात 2019 पासून सरकारी लसीकरणात मिळते. म्हणून ती देऊ नये असं मुळीच नाही. उलट, जे थोडं संरक्षण मिळतं ते याच मुलांना सर्वांत जास्त हवं असतं.

पुढच्या घरात नऊ दिवसांचा ताप आहे. टायफॉइडचा जंतू पटकीपेक्षा निराळा. तो आम्लातून निसटतो, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या ग्रंथींत शिरतो, तिथून रक्तात जातो, आणि दुर्लक्ष झालं तर तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पाडतो. गल्लीतल्या दवाखान्यात ‘विडाल’ तपासणी होते. ती स्वस्त आहे आणि पुष्कळदा फसवी. खात्री देतं ते रक्ताचं कल्चर, तेही औषध सुरू करण्याआधी घेतलेलं. मानखुर्दहून वाशीचा खाडीपूल ओलांडलात तर 2018 सालची एक गोष्ट दिसेल: नवी मुंबई महापालिकेने एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस टोचली, आणि सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतून ही लस देण्याची जगातली ती पहिली मोहीम ठरली. खाडीच्या त्या काठावर जमलं ते या काठावर का नको?

आणि जिथे भूक मेलीय, वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते आणि उजव्या कुशीत खाली दुखतं, तिथे आतड्याच्या क्षयाची शंका घ्या. क्षय म्हणजे खोकला, एवढंच डोक्यात बसलंय. लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे तो घर करतो, क्रोन नावाच्या दुसऱ्याच आजाराचं सोंग घेतो, आणि दोघांची औषधं एकमेकांच्या उलट. दुर्बीण आत घालून तुकडा तपासल्याखेरीज घाईने औषध सुरू होऊ नये. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

गल्लीच्या तोंडाशी केमिस्ट. “ओआरएस द्या” म्हटलं की कधी कधी फळांच्या चवीचा खोका समोर येत असे. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा गोड पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली. त्यांत साखर जास्त असते, आणि जास्त साखर आतड्यात उलट पाणी खेचून जुलाब वाढवते. पुडीवर वाचा: ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सायट्रेट 2.9. अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी ग्लासात नाही. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवण बंद करायचं नाही. मूल पिईनासं झालं, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहिली, शौचात रक्त दिसलं, तर थेट रुग्णालय. सोबत झिंकची गोळी: सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहानाला 10, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस.

आरोग्यसेविका पुडी देऊन झाली की दारातच दुसरा प्रश्न विचारते: पाणी किती वाजता येतं, पाइप कुठून आलाय, शेजारी कुणाला झालंय का? तिची वही वॉर्डात जाईल आणि पालिकेचा माणूस बाटली घेऊन पाण्याचा नमुना घ्यायला येईल. त्याला पाणी स्वच्छ यायला लागल्यानंतर भरलेल्या पिंपातलं देऊ नका. नळ सुटतो त्या वेळी बोलवा आणि पहिल्या पाच मिनिटांत येतं ते पाणी त्याच्या बाटलीत भरा.